परफॉर्मन्स टायर घ्यायचेत? मग घोडबंदरचे खड्डे आणि जुलैचा पाऊस धरून हिशोब करा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाकडे व्हर्टस जीटी, आय२० एन लाइन, जुनी ऑक्टाव्हिया आरएस किंवा नशीब जोरावर असेल तर एखादी पोर्श वगैरे असेल तर कधी ना कधी हा प्रश्न येतोच, कंपनीचे टायर संपत आले, आता टाकायचं काय? मग माणूस रात्री यूट्यूब उघडून बसतो, तिथे जर्मनीतला नाहीतर अमेरिकेतला कोणीतरी कोरड्या ट्रॅकवर लॅप टाइम काढून दाखवतो, अमुक टायर तमुकपेक्षा अर्धा सेकंद फास्ट, आणि दुसऱ्या दिवशी आपण माजिवड्याच्या सिग्नलला फर्स्ट गिअरमध्ये ताटकळत तोच टायर घ्यायचा ठरवतो. आता खरं सांगा, कोरड्या रस्त्यावर टायरची ग्रिप संपेपर्यंत इथे गाडी चालवतं कोण? आपल्याकडे गाडी हातातून जाते ती पाम बीच रोडवर साचलेल्या पाण्यात, आणि टायरचा जीव जातो खड्ड्याच्या कडेवर आपटून. म्हणून माझं मत असं की ओल्या रस्त्यावरचा ब्रेक आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, ताकद या दोन गोष्टी आधी बघायच्या, लॅप टाइम वगैरे शेवटी, उरलं बजेट तर.

आता टायर नेमकं करतो काय ते बघू. समजा गाडी १४०० किलोची आहे, म्हणजे एका चाकावर साधारण ३५० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब. भागाकार केला की येतात दीडशे-एकशे पंचावन्न चौरस सेंटिमीटर, तुमच्या तळहाताएवढी जागा. चार तळहातांवर पूर्ण गाडी, ब्रेक, स्टिअरिंग, टर्बो सगळं. गंमत म्हणजे टायर रुंद घेतला म्हणून ही जागा फारशी वाढत नाही, कारण ती मुख्यतः वजन आणि हवेच्या दाबावर ठरते, रुंद टायरमध्ये तिचा आकार बदलतो, ती आडवी पसरट होते आणि लांबीला कमी होते. वळणावर त्याचा फायदा होतो हे खरंय, पण तोच आकार पाण्यात त्रास देतो, त्याच्याकडे येतोच.

ग्रिप येते रबराच्या मिश्रणातून, ज्याला कंपाउंड म्हणतात. रस्ता आपल्याला सपाट दिसतो पण त्यात बारीक खडीचे उंचवटे असतात, मऊ रबर त्यांच्याभोवती दबतं, सुटताना लगेच मूळ आकारात येत नाही, आणि त्या ओढाताणीतून पकड मिळते. मऊ रबर जास्त पकडतं, लवकर झिजतं, कडक रबर जास्त किलोमीटर चालतं पण ओल्यात घसरतं. पूर्वी भर घालायला मुख्यतः कार्बन ब्लॅक असायचा, त्यात ओल्यातली ग्रिप वाढवली की मायलेज पडायचं. १९९२ मध्ये मिशेलिनने सिलिका वापरून कारचे टायर आणले आणि हे गणित बरंच सुटलं, आज सगळ्याच चांगल्या कंपन्या सिलिका वापरतात. तरी फुकट काहीच नाही, ग्रिप, आयुष्य आणि मायलेज या तिघांत ओढाताण आहेच, त्यामुळे ‘८० हजार चालतो आणि ग्रिप पण एक नंबर’ असं दुकानदार म्हणाला की मान डोलवायची आणि पुढचा टायर बघायचा.

बाजारात ढोबळ तीन जाती आहेत. एक टूरिंग, म्हणजे आरामाचा, शांत, जास्त टिकणारा, बहुतेक सेडानवर कंपनीकडून येतो तो. दुसरा अल्ट्रा हाय परफॉर्मन्स, यात मिशेलिन पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोन पोटेंझा, पिरेली पी झिरो, गुडइयर इगल एफ१, योकोहामा अॅडव्हान ही मंडळी, आणि आता व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक पण, ती डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलोच्या ताब्यात आहे, सिएटचा स्पोर्टड्राइव्ह पण आहे. तिसरी जात सेमी-स्लिक, ट्रॅकसाठी, खाचा कमी आणि रबर असं की गरम झाल्याशिवाय नीट काम करत नाही. ही तिसरी जात इथे रोजच्या गाडीला लावायची नाही, विषय संपला. जुलैमध्ये कमी खाचांचा टायर घेऊन सायन-पनवेल हायवेवर उतरणं ही हौस नाही, ते वेगळंच काहीतरी आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलाय तो काढून टाकू. परदेशी व्हिडिओत समर टायर आणि ऑल सीझन टायर असे शब्द येतात आणि आपले लोक समजतात की समर म्हणजे उन्हाळ्याचा, पावसाळ्यात चालणार नाही, म्हणून ऑल सीझन घ्या. उलटं आहे हो. तिकडे पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की समर टायरचं रबर कडक होतं, आणि बर्फात चालावा म्हणून ऑल सीझन बनवतात. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे १५ अंश झाले तरी लोक मंकी कॅप घालून फिरतात, ७ अंश येणार कुठून? त्यामुळे चांगला समर परफॉर्मन्स टायर इथे बाराही महिने चालतो आणि उबदार पावसात तर त्याची ग्रिप ऑल सीझनपेक्षा सहसा चांगलीच असते.

मग ओल्यात चांगला कुठला हे ओळखायचं कसं? टायरवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, २००, ३२०, ४००, ५०० वगैरे, लोक त्यावरून ग्रिप ठरवतात. तो आकडा झिजेचा आहे, अमेरिकेत टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा हजारो किलोमीटर फिरवून झीज मोजतात आणि त्यावरून कंपनी स्वतःच आकडा देते. एकाच कंपनीचे दोन टायर तुलना करायला ठीक, पण एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० सारखेच असं अजिबात धरू नका. त्यापेक्षा युरोपचं लेबल कामाचं, २०२१ च्या मे महिन्यापासून तिथे नवीन लेबल आहे आणि त्यात वेट ग्रिपला, म्हणजे ओल्यातल्या पकडीला, ए ते ई अशी श्रेणी असते. ताशी ८० वरून कचकन ब्रेक मारला तर सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट श्रेणीत १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे चार गाड्यांची लांबी. पुढे टँकर उभा असेल तर हे चार गाड्यांचं अंतर किती महत्त्वाचं ते वेगळं सांगायला नको. तुमच्या टायरचं मॉडेल आणि साइज टाकून ते लेबल नेटवर सापडतं, फक्त लक्षात ठेवा की त्याच नावाचा भारतात बनलेला टायर हुबेहूब तोच असेल असं नाही, आणि एकाच मॉडेलच्या दोन साइजना वेगवेगळी श्रेणी असू शकते. आपल्याकडेही २०२२ मध्ये वेट ग्रिप, रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना टायर करतो तो विरोध) आणि आवाज यांचे किमान निकष अधिसूचित झालेत, पण किमान म्हणजे पास होण्यापुरते मार्क, पहिला नंबर कुणाचा ते त्यातून कळत नाही.

बरं, आता पाण्याचा विषय, आणि हा मी जरा ताणणार आहे कारण इथे सगळा खेळ आहे. ओला रस्ता वेगळा आणि साचलेलं पाणी वेगळं. ओल्या रस्त्यावर रबराचा दर्जा वाचवतो, साचलेल्या पाण्यात खाचा वाचवतात. हिशोब करून बघा, २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी, वेग ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गुणाकार केला तर एका टायरला दर सेकंदाला बारा ते पंधरा लिटर पाणी बाजूला फेकावं लागतं. हे पाणी खाचांतून निघून गेलं नाही तर टायरच्या पुढे त्याची पाचर तयार होते आणि टायर पाण्यावर तरंगतो, यालाच अॅक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनचा आवाज चढतो, आणि त्या क्षणी गाडी सावरणारी ईएसपी, चाकं लॉक होऊ न देणारी एबीएस, कोणीच काही करू शकत नाही कारण रबर रस्त्याला लागलेलंच नसतं.

१९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर यावर बरंच काम केलं, त्यातून एक सोपं सूत्र निघालं की टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागतो ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. त्या सूत्राने ३३ पीएसआयला वेग येतो साधारण ताशी ९६ आणि २५ पीएसआयला ८३. कारच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, खाचा खोल असतील तर जास्त वेग सहन होतो, टायर रुंद असेल तर कमी, पण दिशा कळली ना? हवा कमी, खाचा कमी, टायर रुंद, तिन्ही एकत्र आले तर एक्स्प्रेसवेच्या १०० च्या लिमिटमध्ये राहूनसुद्धा गाडी तरंगू शकते. नवीन टायरला साधारण ७-८ मिलिमीटर खाच असते, कायद्याने १.६ पर्यंत चालतो, खाचेत बारीक उंचवटे असतात त्यांच्याशी रबर समपातळीत आलं की टायर संपला. पण स्पोर्टी गाडीच्या रुंद टायरला १.६ ची वाट बघायची नाही, ३ मिलिमीटर राहिले आणि कॅलेंडरवर मे महिना असेल तर बदलून टाका. नोव्हेंबरमध्ये ३ राहिले असतील तर पुढच्या मे पर्यंत वापरा खुशाल, इतकं सरळ आहे ते.

साइज वाचायला शिकणं सोपंय. समजा लिहिलंय २०५/५५ आर १६ ९१ व्ही, व्हर्टस जीटीचा साइज हाच. २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ इंचाची रिम, ९१ हा लोड इंडेक्स म्हणजे एका टायरला ६१५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४०. एच असेल तर २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. लोक म्हणतात समृद्धीवर लिमिट १२० आहे, मग व्ही कशाला, एच घेतो स्वस्तात. असं नका करू, ते अक्षर फक्त टॉप स्पीड सांगत नाही, टायर किती उष्णता सहन करतो तेही त्यात आलं, आणि एप्रिलमध्ये काँक्रीटवर तासन्‌तास १२० ने गाडी पळवायची तर तोच भाग कामाला येतो. कंपनीने दिलंय त्याच्या वरचं चालेल, खालचं नाही. लोड इंडेक्सचंही तसंच.

आता रिम मोठी करायची हौस. ऑक्टाव्हिया आरएस २४५ ला २२५/४० आर १८ येतात, हौशी लोक १९ इंचाची रिम टाकून २२५/३५ करतात. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, अर्धा टक्कासुद्धा फरक नाही, स्पीडोमीटर बरोबर दाखवतो, दिसायला कडक दिसतं. पण साइडवॉल ९० मिलिमीटरवरून ७९ वर आली. गायमुखच्या घाटात रात्री कंटेनरच्या मागे चाललोय आणि पुढे अचानक खड्डा आला तर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात तेवढंच रबर आहे, ते चिमटीत सापडतं, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी नाही, तो टायर गेला. रिम वाकते ते वेगळं. माझं विचाराल तर या बाजूला राहणाऱ्याने उलटा विचार करावा, ब्रेकचं कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) आत बसत असेल आणि कंपनीच्याच खालच्या व्हेरिएंटमध्ये तो साइज असेल तर एक इंच लहान रिम आणि जाड साइडवॉल. कट्ट्यावर कोणी वाहवा करणार नाही, पण गाडी वापरता येईल. ते नको असेल तर निदान एक्सएल लिहिलेला टायर बघा, त्याची बांधणी जास्त वजनासाठी मजबूत केलेली असते.

साइजची आणखी एक कटकट म्हणजे मिळणं. २०२० च्या जूनपासून नवीन टायरची आयात सरकारने निर्बंधित यादीत टाकली, लायसन्स लागतं, त्यामुळे १६-१७ इंचाचे चालणारे साइज इथे बनतात म्हणून मिळतात, पण १९-२० इंचाच्या वेगळ्या साइजसाठी थांबावं लागू शकतं. गाडी घेतानाच टायरचा साइज बाजारात मिळतो का ते बघणारा माणूस मला तरी शहाणा वाटतो. थोडी चांगली बातमी म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, चार परफॉर्मन्स टायरच्या बिलावर तो फरक बऱ्यापैकी जाणवतो.

आणि हा जो कमी खपणारा साइज असतो ना, तो दुकानाच्या माळ्यावर पडून असतो, म्हणून तारीख बघायचीच. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. कधीकधी ते आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत बसवलेली असते, म्हणून टायर रिमवर चढवायच्या आधी बघा. सहा-आठ महिने जुना असेल तर काही बिघडत नाही, दोन वर्षं जुना असेल तर दुसरा मागा. हौशी गाड्यांना तर वयाचाच जास्त धोका, गाडी आठवडाभर हिरानंदानी इस्टेटच्या बेसमेंटमध्ये झाकून उभी, रविवारी येऊरपर्यंत नाहीतर लोणावळ्यापर्यंत जाऊन येते, सहा वर्षांत वीस हजार किलोमीटर पण होत नाहीत, खाचा छान दिसतात आणि मालक खूश. रबर मात्र आतून कडक झालेलं असतं, बारीक भेगा पडायला लागतात, आणि पहिल्या पावसात गाडी सिग्नलला सरकते तेव्हा कळतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाला दाखवा, आणि कितीही नवा दिसला तरी १० वर्षांच्या पुढे नाहीच.

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, पोर्शवाल्यांना अजून एक भानगड. टायरवर छोटी खूण असते, बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं एमओ, पोर्शचं एन० किंवा एन१, म्हणजे तो टायर त्या कंपनीने आपल्या गाडीसाठी तपासून घेतलाय. पोर्श असेल तर ही खूण पाळाच, बाकीच्यांनी शक्यतो. रन-फ्लॅट असेल तर पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, आणि अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. लोक रन-फ्लॅट कडक वाटतात म्हणून साधे टाकतात, गाडी खरंच मऊ होते, पण मग डिकीत कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता अटल सेतूवर हात हलवत उभं राहावं लागेल.

बजेट कमी असेल आणि दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे टायर मागे. हो, फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी मागे. सगळे म्हणतात पुढे ताकद, पुढे स्टिअरिंग, नवे पुढे टाका, पण पाण्यात पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की बहुतेक वेळा सावरते, मागचे सुटले तर गाडी फिरते आणि फिरलेली गाडी आपल्यासारख्या माणसाला सावरत नाही. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एकदम बदललेले बरे, व्यासातल्या फरकाने ड्राइव्हलाइनवर, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांवर, ताण येतो. केमन एसमध्ये पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर असतात, तिथे पुढचे मागे करायचा प्रश्नच नाही, मागचे आधी संपणार हे धरूनच चाला.

बसवताना दुकान बघून जा. बारीक साइडवॉलचा टायर जुन्या मशीनवर पहारीने ओढून चढवला तर रिमची कड तरी खरवडते नाहीतर टायरची आतली कड फाटते, मदतनीस आर्म असलेलं मशीन लागतं. नट गनने कचाकचा आवळून सोडून देतात, शेवटचा पीळ टॉर्क रेंचने द्यायला सांगा. अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि आधीचा-नंतरचा प्रिंट घ्या, टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, जरा जरी बिघडलेला असला तरी महागडा टायर आतल्या कडेने गुपचूप टकला होतो आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा, पैसे मागितले तर साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे.

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. तापमान पाच-सहा अंश वाढलं की एक पीएसआय वाढतो, त्यामुळे गाडी चालवून पंपावर गेलात आणि ३६ दिसले म्हणून हवा काढू नका. उन्हाळ्यात फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची ही पद्धत तर साफ उलटी, कमी हवेत साइडवॉल जास्त वाकते, जास्त तापते आणि तशीच फुटते.

नवीन टायरवर साच्यातून निघताना लावलेल्या पदार्थाचा पातळ थर राहिलेला असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने, आणि ते नेमकं पावसात आलं तर अजूनच. पंक्चर झालं तर मधल्या भागाला आतून मशरूम पॅच लावून घ्या, नाक्यावरची पट्टी घरी पोहोचण्यापुरती ठीक, व्ही-डब्ल्यू रेटिंगच्या टायरला तेवढ्यावर सोडू नका, आणि साइडवॉलला खिळा गेला असेल तर टायर बदलायचाच. बिलावर चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या आणि पैसे द्यायच्या आधीच विचारा की खड्ड्याने फुगा आला तर वॉरंटीत बसतो का, कारण साधी वॉरंटी बनावटीच्या दोषापुरतीच असते, रस्त्यावरचं नुकसान काही ठिकाणी ठरावीक मुदतीपुरतं वेगळं देतात आणि त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.